मागची कांडी

झाडे मॅडम नव्या माणसाचं नाव विचारत नाहीत, नाक मागतात. माझ्या नोकरीची पहिली सकाळ होती. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं, "मान मागं टाक" म्हणाल्या आणि टोकाला कापूस असलेली लांब कांडी माझ्या नाकात घातली. ती आत जातच राहिली. डोळ्यांतून पाणी, ठसका, शिंक, सगळं एकदमच.

"दुखलं? मंग ध्यानात ठेव. ज्याले हे ठाऊक नाई, त्यानं लेकराच्या नाकाले हात लावू नये."

तेव्हापासून माझा या बाईवर राग होता.

आमचं काम वर्ध्याच्या आसपासच्या गावांत फिरून लहान मुलांच्या नाकातले नमुने घ्यायचं. न्यूमोनिया करणारे जंतू तिथे आधीच मुक्काम ठोकून असतात. प्रत्येक मुलाच्या दोन कांड्या. एक पुढची, नाकपुडीत फिरवून काढायची. दुसरी मागची, नाक घशाला मिळतं तिथपर्यंत न्यायची. पुढचीच पुरते असं निघालं, तर कुठल्याच लेकराला मागची सोसावी लागणार नाही. एवढंच शोधायचं होतं.

मॅडमचा राग मात्र साऱ्या जगावर. डॉक्टरांवर राग, "कोणता जंतू ते माहीत नाई, आन् औषध लिहून मोकये!" माझ्या अक्षरावर राग, "हा चार आहे का नऊ आहे बे?" माझ्या मोटारसायकलवर त्या मागे बसत, मांडीवर नमुन्यांची बर्फाची पेटी. प्रत्येक खड्ड्याला माझ्या खांद्याला चिमटा. "रस्ता पाहून राह्यला का आभाय?"

त्या दिसल्या की अंगणवाडी रिकामी व्हायची. आया हट्टी पोरांना दटावायच्या, "जेव, नाई त कांडीवाली येते." हे ऐकून मला आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू?

एकदा आंजी गावातल्या एका घरी मॅडम अंगणात बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होत्या. आत मी आणि दोन वर्षांची एक पोरगी. आईनं धरलेलं असूनही ती लाथा मारत होती, चावत होती. पुढची कांडी कशीबशी घेतली. मागचीसाठी हात उचलला तर पोरगी किंचाळून लालबुंद झाली. मी वैतागलो. दुसरी कांडीही नाकपुडीतच फिरवली आणि मागचीच्या बाटलीत टाकून दिली. कोणाला कळतंय?

"मागची घेतली?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"हो."

गावाबाहेर आलो आणि खांद्याला चिमटा बसला. रस्त्यात खड्डा नव्हता.

"थांबव गाडी. खोटं बोलून राह्यला तू. मागची घेतली का लेकरू आधी श्वास आडते, गप होते, मंग रडते. मी आयकून राह्यली होती. हे पोरगी गप झालीच नाई."

माझंही डोकं फिरलं. "एका पोरीनं काय फरक पडते मॅडम? नाक ते नाक!"

त्या खाली उतरल्या. भर रस्त्यात, पेटी छातीशी धरून ओरडल्या, "दोन्ही बाटल्यांत पुढचीच टाकशीन तर दोन्हीत सारखंच निघन! मंग सारे म्हणतीन, पुढचीच पुरते. आन् ज्या लेकराचा जंतू मागं दडून आहे, ते मरन ना बे! त्याच्या मायले तू सांगशीन का, नाक ते नाक?"

जाणारे येणारे थांबून पाहायला लागले. नोकरी तिथंच सोडावी असं वाटलं. पण गाडी वळवली. आता ही बाई त्या आईसमोर माझी लाज काढणार, हे धरून चाललो होतो.

आई दारातच उभी राहिली. "आत्ताच त रडवून गेले तुमी!"

"चूक माही झाली, बाई," मॅडम म्हणाल्या. "एक कांडी राहून गेली. तुमी नाई म्हणसान त आमी जातो. राग नाई."

मी खालीच पाहत राहिलो. आईनं पोरीला आतून आणलं. मग म्हणाली, "एकडाव. बस."

आईच्या मांडीवर पोरगी, समोर मॅडम. कांडी आत गेली. पोरगी गप झाली, मग तिनं घर डोक्यावर घेतलं आणि मॅडमच्या थोबाडीत अशी हाणली की चष्मा खाली पडला. मॅडमनी तो उचललाही नाही. "मार, मार. बराबर आहे तुह्यं."

तेवढ्यात आत दूध उतू गेलं. आईनं रडती पोरगी समोरच्या हातांत कोंबली आणि धावली. ते हात मॅडमचे होते.

मघाची बाटली बाद करून मी नव्या बाटलीवर नाव लिहीत होतो. राग अजून होता, पण तो आता माझा माझ्यावरच होता. रडणं बारीक झालं, थांबलं. मी वर पाहिलं. पोरगी रडून रडून दमली होती आणि मॅडमच्या खांद्यावर डोकं टाकून, नाक त्यांच्या ओढणीत खुपसून झोपली होती. मॅडम ताठ उभ्या होत्या. एक हात अधांतरी, तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मग हळूच त्यांनी तो पोरीच्या पाठीवर ठेवला.

आई हात पुसत आली. "द्या इकडं."

"राहू द्या ना थोडी," मॅडम म्हणाल्या. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आजपर्यंत कोणाचंच लेकरू माह्यापाशी झोपलं नाई."