बिननावाची गिटार

आमच्या वसमतच्या गल्लीत एकाच घरावर नावाची पाटी नाही. ते खिल्लारे अप्पांचं घर. नवा पोस्टमन आला की त्यांची पत्रं शेजारी म्हणून माझ्याकडे टाकतो. पाटी का लावत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सर, नावानं भाव उतरतो. उद्या घर इकायला काढलं तं भितीची भोकं कोन बुजवनार?"

घर विकायचा त्यांचा काही विचार नाही. पण मोंढ्यात हळदीची पोती तोलण्यात जन्म गेलेला हा मापाडी कुठल्याही वस्तूकडे विकणाऱ्याच्याच नजरेनं बघतो. मी अर्ध्या तासात टीव्ही पसंत करून घरी आणला, तेव्हा पडद्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "इकताना काय यील?" मी दाढेला टोपी बसवून घेतली तेव्हाही हेच विचारलं. त्यांच्या फ्रिजवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. पंगतीला दिलेली त्यांची भांडी दुसऱ्यांच्या भांड्यांत मिसळली, तर अप्पा एकेक पातेलं हातात तोलून वजनावरून आपलं ओळखतात.

नाव असलेली एकच वस्तू त्यांच्या घरात आहे, बायकोच्या लग्नातला पितळी तांब्या. त्या आजारी पडल्या तेव्हा अप्पांनी घरातली भांडी विकली. तांब्यावर 'सौ. कांताबाई' असं कोरलेलं, म्हणून तो घ्यायला कोणी तयार झालं नाही. कांताबाई त्या दुखण्यातून उठल्या नाहीत. "नाव नडलं सर," एवढंच अप्पा त्याबद्दल बोलतात.

अशा माणसाच्या मुलीला इलेक्ट्रिक गिटार हवी झाली. सुजाता कॉलेजात शिकते आणि भीमगीतांच्या पार्टीत मागून आणलेल्या गिटारवर साथ करायची. अप्पा नाही म्हणाले नाहीत. "दम धर," म्हणाले. तो दम चौदा महिने चालला. दर रविवारी बापलेक एसटीनं कुठं ना कुठं जुनी गिटार बघायला जायचे. एकदा मीही सोबत होतो. परभणीच्या त्या माणसानं मोठ्या हौसेनं वाजवून दाखवलं, पण अप्पांचं कानाशी काही देणंघेणंच नव्हतं. त्यांनी गिटार उलटी केली, पेच न्याहाळले आणि परत दिली. "खोलेल हाय ही." एक जांभळी सुजाताला फार आवडली होती. तिच्यावर निकाल आला, "जांभळ्याला गिऱ्हाईक न्हाई." शेवटी नोकरीवर निघालेल्या नांदेडच्या एका विद्यार्थ्याकडची काळी गिटार ठरली. तिच्यावर एक ओरखडा नव्हता.

आणि तिथून सुजाताचे हाल सुरू झाले. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर गिटार. स्टिकर लावायचा नाही. वाजवून झालं की तारा पुसायच्या. पार्टीतले मोठे कलाकार म्हणायचे, पोरी, हात मोकळा सोड. तिला ते जमेना. मला म्हणाली, "काका, काहून सोडू? अप्पा एक दिवस ही इकनारच हायेत. लोकाच्या वस्तूला हात लावून राहिल्यावानी वाटतंय."

तो दिवस आलाच. आखाडा बाळापूरचा एक बँडवाला दारात उभा राहिला आणि अप्पांनी मोजले त्यापेक्षा तीन हजार जास्त देतो म्हणाला. सुजातानं त्याला पाणी दिलं आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. अप्पांनी गिटार एकदा हातात तोलून बघितली. मग म्हणाले, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिटार खांद्याला अडकवून ते बाजाराकडे निघून गेले. सुजाता आमच्याकडे येऊन बसली. तिनं चहाला हात लावला नाही. मला अप्पांचा मनापासून राग आला. पंधरा वर्षांचा शेजार मोडला तरी बेहत्तर, आज बोलायचंच, असं ठरवून मी चपला घातल्या.

फाटकातच अप्पा भेटले. गिटार खांद्यावरच होती. माझा जीव भांड्यात पडला.

"सर, चष्मा हाय नं? वाचा बरं, बराबर हाय का."

त्यांनी गिटार उलटी केली. मानेच्या मागे चार पेचांनी बसवलेली धातूची चौकोनी पट्टी असते. तिच्यावर, ताटवाट्यांवर असतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती : चि. सुजातास, अप्पांकडून सप्रेम भेट.

भांड्यांच्या दुकानातल्या नाव टाकणाऱ्यानं ती कोरली होती. तो अक्षरामागे पैसे घेतो. मी मनातल्या मनात मोजलं. 'सप्रेम' सहज गाळता आलं असतं.

"आणि बाळापूरवाला?"

"फोन केला त्याला. म्हनलं, नाव पडलं, आता तुमच्या कामाची न्हाई."

मग मीच त्यांना विचारलं, "अप्पा, आता इकताना काय यील?"

"काय न्हाई यनार," अप्पा म्हणाले. इतकं सैल होऊन बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "हिच्या आईचं समदं गेलं सर. नाव होतं म्हून तांब्या तेवढा राह्यला."

माझ्यामागून फाटकात आलेल्या सुजातानं त्यांच्या खांद्यावरून गिटार काढून घेतली, घरात पळत जाऊन स्पीकरला लावली आणि हात असा सोडला की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. टॉवेल बाहेर दोरीवरच होता. अप्पांनी तो ओढून घेतला आणि कितीतरी वेळ तोंड पुसत राहिले.