नारायणकाकांची झडती

किन्हीराजात आमच्या शेजारी राहणारे नारायणकाका आमच्याकडे चहाला आले, की आपला कप माझ्यापुढे सरकवतात आणि माझा स्वतः घेतात. कारण विचारलं तर म्हणतात, "भरोसा आहे रे तुह्यावर. पन खातरी केलेली बरी."

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण पहारा काही सुटला नाही. दूधवाल्याला ते रोज त्याच्याच दुधाचा एक घोट प्यायला लावतात. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. कॉलेजात माझं नाव घालायला जायचा वडिलांना धीर होईना, तेव्हा काकाच वाशीमला सोबत आले. लिपिकाने माझे कागद मागितले, तर काकांनी आधी त्याचंच ओळखपत्र मागितलं. तरी प्रवेश मिळाला. ते उपकार मी विसरलेलो नाही.

मागच्या महिन्यात मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरून फुलसिंगचा फोन आला. हा काकांचा फौजेतला जोडीदार. नातीच्या लग्नाला ये म्हणाला. काका दोन दिवस बेचैन.

"इतक्या वर्सांनी काहून आठवलो मी त्याले? डाव आहे काही तरी."

मी मालेगावच्या शाळेत इतिहास शिकवतो. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून पहिल्या महायुद्धाचा धडा तयार करत होतो. काकांना वाचून दाखवला. फ्रान्सचे साधे शिपाई, कुणी शेतकरी, कुणी सुतार, वर्षानुवर्षं चिखलाच्या खंदकात. तुकडीतला एक जण सगळ्यांचे डबे घेऊन मागे जायचा आणि गोळ्या चुकवत सूप आणायचा.

"रस्त्यात पेत असन," काका म्हणाले.

"काका, जिवाला जीव देणारे लोक होते ते."

"कोनं पाह्यलं? झडती घेतली होती काय त्याची?"

मी हसलो. काका हसले नाहीत.

"मी घेतली होती," ते म्हणाले. "बर्फातल्या चौकीवर. जेवन आनाची पाळी फुलसिंगची. चार रोट्या कमी निघाल्या. मी साऱ्यांसमोर त्याचे खिसे उलटे केले. काही निघालं नाही. मंग समजलं, खालून लंगरातूनच, फौजेच्या सैपाकघरातूनच, कमी आल्या होत्या."

"मग माफी मागितली?"

"मांगाची राहून गेली. आता भर लग्नात माही इज्जत काढीन तो. म्हनूनच बोलावून राह्यला."

लग्नाच्या दिवशी सकाळी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या मोटारसायकलजवळ उभे होते. वाटेत तीनदा "वापस फिरव" म्हणाले. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

मांडवाच्या तोंडाशीच फुलसिंग उभा होता. काठी टेकून, पण ताठ. काका सरळ त्याच्यापुढे गेले आणि साऱ्या पाहुण्यांदेखत दोन्ही हात वर केले.

"घे. आता माही झडती घे."

फुलसिंगने काठी माझ्या हातात दिली. मग अगदी शिस्तीत शर्टाचा खिसा तपासला, पॅन्टचे दोन्ही तपासले, अस्तरं बाहेर ओढून पाहिली.

"यात तं एक तुकडा बी नाही," तो म्हणाला. "उपाशीच आला काय, नारान?"