तिथूनच गळतं

हसनचाचा सिंक बसवत असताना घरात कुणी शिंकलेलं त्यांना चालत नाही. हात हलतो म्हणे.

हे आमचे शेजारी. उभी हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढून रत्नागिरीला परतले. आता आळीतल्या एकाही ओट्यावरून थेंब खाली जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा निश्चय आहे. बोलवावं लागत नाही. ओट्याखालच्या कपाटाला कुबट वास यायला लागला, की चाचा दारात उभे.

आमच्या सिंकच्या कडेतून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा मी स्वतःच सिलिकॉन लावलं होतं. चाचा ते बराच वेळ बघत राहिले.

"वहिनी, हा केक कोणी केलाय?"

हिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

चाचांनी माझी कारागिरी खरवडून काढली. कड पुसली, वाळवली, परत पुसली. मग पंखा लावून बसून राहिले. भाट्याच्या किनाऱ्याकडचा वारा खिडकीतून येत होता, झावळ्यांची सावली ओट्यावर डुलत होती. चाचा अर्धे डोळे मिटून त्या कोरड्या सिंककडे असे बघत होते, की जणू ते आत्ता बंदरातून सुटेल. माझा डोळा लागला. उठलो तर ग्रॅनाइट आणि सिंकच्या मधे एक पांढरी रेघ, आणि चाचा साबणाच्या पाण्यात भिजवलेलं बोट तिच्यावरून सावकाश ओढत होते.

"उद्यापर्यंत हात लावायचा नाय. पाणी आपल्यापेक्षा धीराचं असतं हो. एवढीशी जागा मिळेपर्यंत वाट बघतं."

संध्याकाळी मी हात लावला. वाळलंय का, एवढंच बघायचं होतं. बोट रुतलं.

हिला दिसायच्या आत कबुली द्यावी म्हणून सकाळीच चाचांकडे गेलो. ते स्वयंपाकघरात होते. तिथं मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. सिंकखाली टोप ठेवलेला, आणि त्यात टप, टप.

मला हसू आवरेना. "चाचा, तुमचंच गळतंय? थांबा, मी लावून देतो सिलिकॉन."

"नको."

मग त्यांनी कडेवरच्या सिलिकॉनमधला एक खळगा दाखवला. माझ्या करंगळीचं टोकही त्यात मावलं नसतं.

"आमची झोया. चार वर्षांची होती तेव्हा. सांगितलेलं, हात लावू नको."

झोया त्यांची नात. मुलगा तिला घेऊन मस्कतला गेला, त्याला सहा वर्षं झाली. शुक्रवारी फोनवर दिसते. हल्ली घाईत असते.

"तिथूनच गळतं," चाचा म्हणाले. टोप भरत आला होता. त्यांनी तो उचलून खिडकीतल्या मोगऱ्याला ओतला आणि पुन्हा नेमका त्या खळग्याखाली सरकवून ठेवला.

मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही पण हात लावलात ना?"

मी मान हलवली.

"चला. तुमचा खरवडायला हवा."