गोकुळाबाई आणि सोब्रेमेसा

स्पॅनिश भाषा आपण खिशात घातली आहे, असं वाघांच्या जंगलात गाईड असलेला अमर मूलच्या बाजारात भेटेल त्याला सांगे. मोबाईलवर शिकलेल्या त्या भाषेतला एक शब्द तर त्याला फारच भावला होता: सोब्रेमेसा. जेवण झाल्यावर न उठता तिथेच गप्पा मारत बसायचं, या कामालाही स्पेनच्या लोकांनी नाव ठेवलंय, याचं त्याला कोण कौतुक!

चंद्रपूरच्या एजंटने सफारीआधी एका स्पॅनिश जोडप्याला त्याच्या घरी जेवायला पाठवलं. पाहुणे खूश झाले, तर पुढचे सगळे अमरच्याच घरी जेवणार होते. त्याने दोन्हीकडची तयारी चोख केली. पाहुण्यांना सांगितलं, आमच्याकडे ताटात पडलेलं टाकत नाहीत. आईला, म्हणजे गोकुळाबाईंना, सोब्रेमेसा समजावला.

तलावातले मासे आणि भात पाहुण्यांनी चाटूनपुसून खाल्ला आणि ते गप्पा मारत बसले. अमर खुलला. गोकुळाबाईंचा मात्र जीव थाऱ्यावर राहीना. त्यांच्या उभ्या जन्मात पोट भरलेला प्रत्येक माणूस हात धुवायला उठला होता. जो उठत नाही तो उपाशी, आणि उपाशी पाहुण्याला विचारून वाढणं म्हणजे घराची अब्रू घालवणं. त्यांनी मुकाट्याने भात वाढला.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, तो संपवला आणि पुन्हा गप्पांना बसले. गोकुळाबाईंनी पुन्हा वाढला.

"माय, वाढू नको. सोब्रेमेसा करून राह्यले ते."

"त्यानं पोट भरते का? ताट कोरडं करून बसले हायेत बिचारे."

मासे संपले, तशी शेजारच्या मंगलीकडून वांग्याची भाजी आली. साहेबाने पट्टा सैल केला. मडमेच्या डोळ्यांत पाणी तरळलं, ते गोकुळाबाईंना समाधानाचं वाटलं. 'उठा'ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात, हे अमर शिकला नव्हता, आणि येत असतं तरी दारच्या पाहुण्याला ते म्हणणार कोण?

शेवटी दोघं कसेबसे उठले आणि अंगणातल्या खाटांवर आडवे झाले. ते घोरत असताना जंगलाचं गेट बंद झालं. सफारी बुडाली. आता आपला धंदाही बुडाला, म्हणून अमर डोकं धरून बसला.

पाहुणे परत गेले आणि दिवेलागणीला एजंटचा फोन आला. वाघ दिसला नाही तरी चालेल, पण एवढ्या मायेने आम्हाला कुणी जेवू घातलं नव्हतं, असं पाहुणे म्हणत होते. पुढच्या आठवड्यात सहा जण येणार होते.

सकाळपासून उपाशी असलेला अमर हसतच ताटावर बसला. गोकुळाबाईंनी पातेलं पालथं करून दाखवलं.

"भात नाई राह्यला. तू आता सोब्रेमेसाच कर."