जांभळा हात मूळ शाळेत

आमच्या खडकमाळच्या शाळेत मैत्रीचं चित्र नीट रंगवून झालं की चित्रातल्या दोन मुली कागदावरून उतरतात आणि बाकावर येऊन बसतात. अकराच्या घंटेला येतात, पाचच्या घंटेला कागदात परत जातात. गेल्या सात वर्षांत त्यांच्यापैकी एकीनेही दांडी मारलेली नाही, हे मुख्याध्यापिका म्हणून मी अभिमानाने सांगते. खऱ्या मुलांबद्दल असं सांगायची माझी छाती नाही.

पद्धत साधी आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिसरीच्या वर्गात दोघांत एक कागद आणि दोघांत एकच तेलखडूंची पेटी द्यायची. एकट्याने रंगवलेल्या चित्रातून कुणी उतरत नाही. एका हुशार मुलाने घरी बसून एकट्याने चित्र रंगवलं होतं. चित्र फार देखणं झालं आणि कागदावरच राहिलं. पेटीवरून भांडण झालं तर हरकत नसते, फक्त भांडण मिटेपर्यंत मुली उतरत नाहीत.

चित्र आमच्या तुपे गुरुजींच्या हातचं. लिंबाच्या झाडाखाली दोन मुली हातात हात धरून उभ्या. मूळ चित्र झकास आहे, पण झेरॉक्सच्या काचेवर ओरखडा होता आणि दोन हातांमधली रेषा उठलीच नाही. गुरुजी म्हणाले, पेनाने मारून देतो. सात वर्षं म्हणताहेत. पहिल्याच वर्षी मुलांनी विचारलं, "गुरुजी, ह्यो हात कुणाचा?" गुरुजी खिचडीच्या गडबडीत होते. "दोघींचा," म्हणाले आणि गेले. तेव्हापासून मुलं तो हात एकाच रंगाने भरतात, आणि चित्रातल्या मुली हात न सोडता वर्गात वावरतात. खो-खोत त्यांचा उपयोग नाही. कवायतीत मात्र रांग सरळ राहते. त्या बोलत नाहीत, कारण गुरुजींनी तोंड हसरं पण मिटलेलं काढलंय.

याच चित्रांवर आम्हाला केंद्राच्या रंगभरण स्पर्धेत सलग सहा वर्षं शून्य गुण मिळाले. केंद्रप्रमुख वाघचौरे साहेब कागद कार्यालयीन वेळेत तपासतात. त्या वेळी मुली वर्गात असतात, आणि साहेबांसमोर नुसत्या रेषा. मी लेखी कळवलं, "रंग वर्गात बसले आहेत. कृपया येऊन पाहावे." उत्तर आलं, "गुण कागदाला असतात." मला ते पटलं. आमचे रंग कामावर हजर असतात म्हणून आम्हाला शून्य मिळतं. ती सहाही गुणपत्रकं मी ऑफिसात ओळीने लावली आहेत आणि आल्यागेल्याला चहाआधी दाखवते.

यंदा तिसरीत स्वरांजली पिसाळ आणि झोया मुलाणी यांना एक कागद आला. डावीकडची मुलगी झोयाने रंगवली, उजवीकडची स्वरांजलीने. हातापर्यंत येईतो अंगाचा रंग संपला होता. तो दरवर्षी सगळ्यांत आधी संपतो. दोघींनी पेटीत पाहिलं, जांभळा जवळजवळ अख्खा होता, मग हात जांभळा झाला. दुसऱ्या दिवशी अकराला त्यांच्या मुली जांभळा हात धरून उतरल्या आणि त्या दोघींच्या बाकावर दाटीवाटीने बसल्या. डिसेंबरपर्यंत सगळं सुरळीत होतं.

डिसेंबरात झोयाचे वडील ऑफिसात आले. ते एसटीत चालक आहेत.

"मॅडम, बदली आलीया. पार तिकडं परभणीला. सोमवारी हजर व्हायचंय. पोरीचा दाखला द्या."

झोया दारात उभी होती. "म्या एकली जाणार न्हाई," ती म्हणाली.

"एकली कशी? आम्ही हाय की घरात," वडील म्हणाले.

"शाळंत एकलीच की."

मी कपाटातून दोघींच्या चित्राचा कागद काढला. शनिवारची शाळा नुकतीच सुटली होती, मुली कागदात परतल्या होत्या. मी म्हटलं, झोया, हा कागद तू घेऊन जा. तिकडे दोघी तुझ्या सोबतीला राहतील.

"आन् स्वरांजलीचं काय?" झोयाने विचारलं.

स्वरांजली तिच्या मागेच होती. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "मधनं कापा."

तुपे गुरुजी कात्री घेऊन आले. आमच्या शाळेत कात्री रेषेवरूनच चालवायची असा नियम आहे, आणि तो त्यांनीच केलेला आहे. त्यांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मध्ये रेषा नव्हती. मग सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

झोयाने आणि स्वरांजलीने त्याच क्षणी कागदावर तळवे ठेवले.

"दोघींचा हाय त्यो," स्वरांजली म्हणाली. "तुमीच म्हनला हुता."

"मी म्हणालो होतो खरा," गुरुजी म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. झोयाचे वडील घड्याळ बघत होते, मग त्यांनी ते बघायचं सोडलं.

रेषा झोयानेच शोधली. चित्रातल्या दोन्ही मुलींच्या मनगटात बांगडी आहे. बांगडी म्हणजे रेषाच. गुरुजींनी आधी एका बांगडीवरून कापलं, मग दुसऱ्या. डावा तुकडा झोयाचा, उजवा स्वरांजलीचा. मध्ये बोटभर रुंदीची एक पट्टी राहिली, तिच्यावर जांभळा हात.

"तू ठेव," झोया म्हणाली.

"नगं, तू ने."

"तू ठेव गं."

हे वीस मिनिटं चाललं. शेवटी पट्टी ऑफिसात जमा करून मी पोच दिली, दोघींना वेगवेगळी.

मग दाखले लिहिले. दोन लिहावे लागले, कारण दाखल्याशिवाय चित्रातली मुलगी सोमवारी अकराला आमच्याच शाळेत येऊन बसली असती. त्या कधी चुकत नाहीत. नाव : चित्रातली डावीकडची. जन्म : ऑगस्टचा पहिला आठवडा. वर्तणूक : चांगली. शेरा : डावा हात मूळ शाळेत. शिक्का मारताना माझे डोळे भरून आले, हे मी लपवत नाही.

सोमवारी अकराला स्वरांजलीची मुलगी एकटीच उतरली. बाहीपुढे बांगडीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, चेहरा हसरा होता. पट्टीवरचा हात मात्र उतरला नाही. त्याला पाय नाहीत.

जानेवारीत स्पर्धेचे कागद पाठवायची वेळ आली. स्वरांजली आणि झोयाची नावं नोव्हेंबरातच कळवली होती, ती आता खोडता येत नव्हती. म्हणून दहा जोड्यांचे दहा कागद पाठवले आणि अकरावी ती पट्टी. दहा कागदांना शून्य मिळालं, आमची परंपरा त्यांनी राखली. पट्टीवरचा रंग मात्र कार्यालयीन वेळेतही जागेवर होता. वाघचौरे साहेबांनी आमच्या शाळेचा रंग पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी पन्नासपैकी दोन गुण दिले आणि विचारणा केली, "हात जांभळा का?" मी कळवलं, "अंगाचा रंग संपला होता." त्यांनी लिहिलं, "ठीक. रंग रेषेच्या आत आहे. हात कोणाचा, याचा खुलासा व्हावा." गुरुजींनी स्वतःच्या अक्षरात खुलासा केला, "दोघींचा." साहेबांनी तो मान्य केला. पट्टी परत आली, तिला मी काचेची चौकट करून घेतली. आता चहाआधी पाहुण्यांना प्रथम ती बघावी लागते.

फेब्रुवारीत परभणीकडच्या शाळेचं पत्र आलं. तिथल्या मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, "आपल्याकडून आलेल्या दोन्ही विद्यार्थिनी नियमित आहेत. त्यांपैकी चित्रातली डावा हात बाजूला धरून बसते, त्यामुळे बाकावर एका मुलीची जागा रिकामी ठेवावी लागत होती. गेल्या आठवड्यापासून इथली वैजयंती लाटे नावाची मुलगी त्या जागेवर बसू लागली आहे. झोयाने आक्षेप घेतलेला नाही, परंतु मूळ शाळेला विचारा असे ती म्हणते. आपली हरकत असल्यास कळवावे."

हरकत घ्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. मी स्वरांजलीला बोलावून पत्र वाचून दाखवलं.

तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग ती भिंतीवरच्या चौकटीकडे बघत उभी राहिली. शेजारी तिची मुलगी होती, उजवा हात बाजूला धरून, मिटल्या तोंडाने हसत. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली, ताटं वाजली, तरी स्वरांजली हलली नाही. तिने नाही म्हटलं असतं तर मी तसंच कळवलं असतं, आणि परभणीच्या त्या बाकावरची जागा रिकामी राहिली असती.

"ती वैजयंती," तिने विचारलं, "रंगीवती का?"

"पत्रात लिहिलेलं नाही."

"रंगीवंल की. हरकत न्हाई म्हनून लिवा." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "पन दोघींत पेटी एकच ठिवा म्हनावं."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझी मान इतकी ताठ कधी झाली नव्हती. मी तिचं वाक्य शुद्ध करून लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि जावक क्रमांक टाकून पत्र त्याच दिवशी रवाना केलं.