बर्फात लागलेलं दही

दह्यातलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या पूर्व खानदेशात कुणालाच कळत नाही! म्हणजे, एकोणीसशे अडतीसच्या जानेवारीपर्यंत माझी तशी समजूत होती.

तेव्हा मी जळगावला शेतकी कचेरीत सरकीचे नमुने तपासत असे. सहा वर्षं सरकी! सकाळी सरकी फोडायची, दुपारी सरकी मोजायची, संध्याकाळी कोटातून सरकी झटकायची. अशात धुळ्याला नवी प्रयोगशाळा निघाली आणि तिथे सहायकाची एक जागा भरायची ठरली. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती, की जेवताना घास हातातच राहायचा.

कचेरीत येणाऱ्या एका विलायती मासिकात मी वाचलं होतं, की दही लावणारे जंतू नुसतं दूध आंबवून स्वस्थ बसत नाहीत. ते एक मारक द्रव्य सोडतात आणि त्यानं नासवणारे दुसरे जंतू मरतात! पण ते किती सोडतील, हे ऊब, गारवा, वेळ यांवर असतं. झालं! धुळ्याच्या प्रयोगशाळेच्या बन्सीलाल साहेबांना मी पत्र ठोकलं: 'कोणत्या उबेत दही सर्वांत जहाल होतं, ते सिद्ध करून दाखवतो.' उलट टपाली उत्तर आलं: 'पुढच्या गुरुवारी संध्याकाळी येतो. दाखवा.'

बेत सोपा होता. एकाच म्हशीचं दूध, एकच विरजण, सारखी पाच मडकी. एक चुलीपाशी, एक माजघरात, एक धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, वाऱ्यात, एक विहिरीत टांगलेलं आणि एक शेजारच्या पुनाभाऊंच्या केळी पिकवायच्या खोलीत. सकाळी लावायचं, संध्याकाळी कचेरीतून येऊन बघायचं. मग प्रत्येकाची निवळी हरभऱ्याच्या कढणात घालायची. ज्या कढणाला सर्वांत उशिरा वास येईल, ते दही जिंकलं!

"या मडक्यांना कुणी बोट लावायचं नाही," मी इंदिरेला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना बजावलं.

"बरं. पण विहिरीतलं दही लागायचं नाही हो."

"नाही लागलं तरी चालेल!"

"चालेल?" माझ्या अंगात ताप भरलाय की काय, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी येऊन पाहतो तर पाचही मडक्यांत घट्ट दही! विहिरीतलंसुद्धा! मंगळवारी पुन्हा लावलं. पुन्हा तेच! त्याच रात्री सोमवारची कढणं हुंगली. पाचही वाट्या सारख्याच ताज्या. निवळी न घातलेल्या सहाव्या वाटीला मात्र असा वास, की आमचं मांजर पायरीवरूनच परत गेलं.

माझं डोकं चालेना. ऊब असो, गारवा असो, फरकच नाही? मग मासिकवाले काय झोपेत लिहितात? आणि साहेबांना मी दाखवू काय?

"बर्फात ठेवून बघ," कचेरीतला चुडामण रात्री घरी डोकावला होता, तो म्हणाला. "बर्फापुढे कुणाचं चालतं?"

बुधवारी भुसावळहून पहिल्या गाडीनं बर्फाची लादी मागवली, टोपलीत भुसा घालून माजघरातलं मडकं तिच्यात पुरलं आणि कचेरी गाठली. संध्याकाळी आलो. लादी निम्मी वितळली होती. मडकं जागच्या जागी. झाकण काढलं आणि मटकन खालीच बसलो! आत सुरीनं कापावं असं दही, वर बोटभर साय!

"इंदिरा! बर्फात दही लागलं!"

"लागणारच," ती भाकरी थापत म्हणाली.

बाईमाणसाला याचं महत्त्व काय कळणार! मी धावत तारघरात गेलो आणि साहेबांना तार केली: 'खानदेशात नवा जंतू सापडला. थंडीवाऱ्याला जुमानत नाही.' साहेब इतके हरखले, की संध्याकाळची वाट न बघता गुरुवारी दुपारीच जळगावला उतरले. मी नव्या लादीत मडकं पुरून कचेरीत आलो होतो. साहेब थेट तिथेच आले, तसाच त्यांना घेऊन घरी गेलो.

"आधी विहीर," मी ऐटीत म्हणालो आणि दोर ओढला. दोराला काहीच नाही! धाब्यावर चढलो. काही नाही! केळीच्या खोलीत नुसती केळी! बर्फाच्या टोपलीत मडक्याच्या आकाराचा खड्डा!

"तुमचा जंतू मडक्यासकट चालू लागला वाटतं," साहेब म्हणाले.

"चोरी! साहेब, चोरी झाली!" मी ओरडत स्वयंपाकघरात शिरलो. चुलीजवळ एका मोठ्या गोधडीत काहीतरी गुंडाळून ठेवलेलं होतं आणि शेजारच्या भिकुबाई राखण बसल्या होत्या. मी गोधडी ओढली. पाच मडकी! बाळंतिणीच्या खोलीत बाळं निजवावीत तशी ओळीनं!

"हात नका लावा! दही मोडी जाई!" भिकुबाई अहिराणीत किंचाळल्या. "मनी गोधडी शे ती! बठ्ठा मडकासले सारखीच ऊब दिन्ही!" म्हणजे सगळ्या मडक्यांना सारखीच ऊब दिलेली!

"इंदिरा!"

ती पदर सावरत पुढे आली. "तुम्ही गेलात की मी पाचही आत घेते. साडेपाचला जिथली तिथे ठेवते."

"बर्फातलंसुद्धा?"

"हात बधिर झाले माझे! पण एवढे मोठे साहेब येणार, आणि माझ्या घरात पाणचट दही? उद्या धुळ्यापर्यंत बोभाटा झाला असता, की हिला दही लावता येत नाही!"

मला रडू यायचंच बाकी होतं. गेली माझी जागा! पण साहेब पाटावर बसले आणि खिशातून वही काढली.

"बाई, पाचही सारखीच कशी लागतात?"

"दूध करंगळीला सोसेल इतकंच कोमट. थंडीत विरजण दीडपट. आणि दही धरू लागेपर्यंत मडकी आळीपाळीनं फिरवायची, चुलीकडची बाजू एकालाच नको. एकदा धरू लागलं की पुरतं लागेपर्यंत हलवायचं नाही."

साहेब लिहीत होते. मी खांबाला टेकून उभा होतो, माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं. दोन वाट्या दही खाऊन ते गेले. मला फक्त "येतो" म्हणाले.

आठ दिवसांनी सरकारी लखोटा आला. मी तो फोडला आणि मोठ्यानं वाचू लागलो: 'प्रयोगाची परिस्थिती रोज तंतोतंत सारखी ठेवणं हे आमच्या प्रयोगशाळेत आजवर कुणालाही जमलेलं नाही. सबब सहायकाच्या जागेवर सौ. इंदिराबाई यांची नेमणूक करण्यात येत आहे.'

"अगं बाई!" इंदिरा म्हणाली. "आणि तुमचं नाव नाही का त्यात?"

"आहे ना," मी म्हणालो. नव्हतं. नुसतं एवढंच होतं: 'पती सोबत राहिल्यास खात्याची हरकत नाही.'