न वापरलेली तिकिटं

तिकीटरावांच्या घरात जगभरच्या प्रवासांची तीन हजार तिकिटं होती आणि त्यातल्या एकावरही त्यांनी स्वतः प्रवास केलेला नव्हता. तिकीटराव हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. ते शेजाऱ्यांनी ठेवलं आणि पोस्टमनने पक्कं केलं. जुनी प्रवासवर्णनं, आगबोटींची वेळापत्रकं, ट्रंकांवर चिकटवायची हॉटेलांची लेबलं, जे जे जुनं आणि प्रवासाचं, ते ते त्यांच्या कपाटात. माणूस मात्र बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला घेऊन वेशीबाहेर गेला नव्हता. "इतक्या ठिकाणची तिकिटं घरात असताना जायचं कशाला?" असं ते अगदी मनापासून विचारत.

शेवटी बायकोनेच रांगेत उभं राहून पलीकडच्या बेटावर जाणाऱ्या बोटीची दोन तिकिटं आणली. बोट दुपारी चारची, मुक्काम चार दिवसांचा. बॅगा दाराशी लागल्या. पावणेदोनला तिने विचारलं,

"अहो, तिकिटं घेतलीत ना?"

"ठेवलीत की नीट."

"कुठे?"

तिकीटरावांचा हात पुस्तकांच्या कपाटाकडे गेला आणि तिथेच थांबला. हातात तिकीट आलं, की ते सपाट राहावं म्हणून जाडजूड पुस्तकात घालायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. परवा बायकोने तिकिटं हातात दिली तेव्हा समोर आगबोटीच्या प्रवाशांसाठी शंभर वर्षांपूर्वी छापलेलं एक मार्गदर्शक पुस्तक होतं. हाताने आपलं काम केलं. आणि ते पुस्तक काल संध्याकाळी गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल तिकीटरावांच्याच संग्रहाच्या प्रदर्शनासाठी घेऊन गेले होते.

"वाचनालयात आहेत," ते पुटपुटले.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. "ही बोट चुकली ना," ती शांतपणे म्हणाली, "तर पुढच्या बोटीने मी एकटी जाणार. आणि तिथे आवडलं तर चार दिवसांचे चौदा करणार. तुम्ही बसा इथे तिकिटं गोंजारत."

तिकीटरावांनी बॅगा उचलल्या. ती बोलते ते करते, हे त्यांना बत्तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

बॅगांसकट दोघं वाचनालयात पोचले. तिकिटं सापडायला वेळ लागला नाही. ती पुस्तकाशेजारी काचेच्या पेटीत, झोकात मांडून ठेवली होती. ती बोट कंपनी अजून जाड पुठ्ठ्याची तिकिटं देई, त्यावर तारीख आणि महिना छापी, साल छापण्याची तसदी घेत नसे. पुस्तकातून निघाली म्हणजे जुनीच, असं ग्रंथपालांनी धरून चाललं होतं. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: 'आगबोटीची दोन तिकिटे. दुर्मिळ, न वापरलेली. बेत झाला, प्रवास मात्र घडला नसावा.'

बायकोने ती चिठ्ठी दोनदा वाचली. "लिहिणाऱ्याला आपलं घर आतून माहीत दिसतंय," ती म्हणाली.

"अहो, ती आजची तिकिटं आहेत! काढा बाहेर!" तिकीटराव म्हणाले.

"काढता येणार नाहीत," ग्रंथपाल नम्रपणे म्हणाले आणि त्यांनी एक कागद पुढे केला. "नियम चार. 'प्रदर्शन संपेपर्यंत कोणतीही वस्तू कोणालाही, अगदी मालक म्हणवणाऱ्यालाही, देऊ नये.' तुम्हीच घातलेला. लाल शाईने अधोरेखितसुद्धा तुम्हीच केलंय."

"पण मी खराच मालक आहे!"

"म्हणवणारे असंच म्हणतात. हेही तुमचंच वाक्य." मग त्यांनी यादी उघडली. एकेचाळीसाव्या ओळीत 'दोन जुनी तिकिटे' होती आणि शेजारी तिकीटरावांची झोकदार सही. काल वस्तू देताना न वाचता केलेली.

शिवाय पेटीला कुलपं दोन. दुसरी किल्ली अध्यक्षांकडे. तीही तिकीटरावांचीच सूचना. अध्यक्ष म्हणजे समोरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर. ते एका पेशंटला आ वासलेला ठेवून धावत आले, पण पेटी बघितल्यावर किल्लीचं विसरूनच गेले.

"वा! ऐंशी वर्षं तरी नक्की जुनी. पुठ्ठा बघा कसा पिवळा पडलाय!"

"पिवळा नाही पडला," बायको म्हणाली. "आणली त्या दिवशी ओट्यावर चहा सांडला माझ्याकडून."

"तिकिटावर चहा?" तिकीटराव कळवळले. बायकोने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते. "हे बघा भावजी," बायको ग्रंथपालांना म्हणाली, "उजवीकडच्या तिकिटाच्या मागे मी बांधाबांधीची यादी केलीय. पेन्सिलीने. चष्मा, छत्री, गुडघ्याचं तेल, ह्यांच्या गोळ्या. शेवटी लिहिलंय, 'ह्यांना घरी विसरू नये.'"

पेटीचा तळ काचेचा होता. डॉक्टरांना पोटामुळे फार वाकता येईना. त्यांनी खिशातून दातांमागे बघायचा छोटा आरसा काढला, पेटीखाली धरला आणि उलटी अक्षरं जुळवत मोठ्याने वाचू लागले. "चष्मा... छत्री... गुडघ्याचं तेल..." शेवटच्या ओळीला ते थांबले, तिकीटरावांकडे बघून खोकले, आणि किल्ली काढली.

"नियमाचं काय?" ग्रंथपालांनी विचारलं.

"ऐंशी वर्षांपूर्वी ह्यांच्या गोळ्या कुठून असणार?" डॉक्टर म्हणाले.

धक्क्यावर पोचले तेव्हा चार वाजायला सात मिनिटं होती. तिकीट तपासनीस हातात चिमटा घेऊन उभा होता.

"भोक पाडायलाच हवं का?" तिकीटरावांनी हळूच विचारलं. "नुसतं बघून सोडलं तर?"

"भोक नाही तर बोट नाही, काका."

बायकोने दोन्ही तिकिटं पुढे केली. तिकीटरावांनी डोळे घट्ट मिटले. टच्, टच्.

बोट सुटली. वारा लागला, पाणी दिसायला लागलं, बायको कठड्याला टेकून लहान मुलीसारखी हसली. हे हसू आपण बत्तीस वर्षं बघितलं नाही, याचं तिकीटरावांना फार वाईट वाटलं. तरीही जित्याची खोड जाते थोडीच. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला.

"ती तिकिटं दे बरं इकडे. डाग आहे, भोक आहे, तरी संग्रहात..."

"संग्रह माझा आहे," बायको म्हणाली आणि तिने पर्सची चेन ओढली. "मालक म्हणवणाऱ्यालाही द्यायची नाहीत. हवी असतील तर लेखी अर्ज करा. पुढच्या प्रवासाला निघताना विचार करू."

तिकीटरावांनी खिशातून पेन काढून विचारलं, "अर्जात कुठलं ठिकाण घालू?"